बिंबाणुसमृद्ध फायब्रिन

बिंबाणुसमृद्ध फायब्रिन म्हणजे रुग्णाच्या स्वतःच्या रक्तापासून, त्यात कोणतेही रसायन न मिसळता, केवळ केंद्रोत्सारणाने तयार केलेली आणि बिंबाणू व पांढऱ्या रक्तपेशी यांनी युक्त असलेली फायब्रिनची गुठळी होय. बिंबाणूंना सामान्य व्यवहारात प्लेटलेट म्हणतात. त्यामुळे दवाखान्यांत हा पदार्थ ‘प्लेटलेट रिच फायब्रिन’ किंवा संक्षेपाने ‘पीआरएफ’ या नावाने ओळखला जातो. दात काढल्यानंतरची खोबण, हिरडीच्या रोगाने झिजलेले हाड, दंतरोपणाची जागा इत्यादी ठिकाणी ही गुठळी किंवा ती दाबून केलेले पातळ पटल ठेवले असता जखम लवकर व चांगली भरून यावी, हा तिच्या वापरामागील उद्देश असतो.

हा पदार्थ रुग्णाच्याच शरीरातील असल्याने त्याच्या बाबतीत रक्तगट जुळविण्याचा प्रश्न येत नाही आणि दुसऱ्याच्या रक्तातून रोगसंसर्ग होण्याची भीतीही राहत नाही. तथापि त्याचे फायदे सर्व शस्त्रक्रियांत सारखे दिसून आलेले नाहीत. काही उपयोगांना बऱ्यापैकी आधार आहे, तर काहींच्या बाबतीत दावे पुराव्याच्या पुढे गेलेले आहेत.

बिंबाणू आणि जखम भरून येणे

बिंबाणू हे अस्थिमज्जेतील महाकेंद्रकी पेशींचे तुकडे असून त्यांना स्वतःचे केंद्रक नसते. त्यांचा व्यास सुमारे २ ते ३ मायक्रोमीटर असतो आणि रक्तप्रवाहात ते साधारण ७ ते १० दिवस टिकतात. निरोगी प्रौढ व्यक्तीच्या एका मायक्रोलिटर रक्तात सुमारे दीड ते साडेचार लाख बिंबाणू असतात. डेंग्यूसारख्या तापात त्यांची संख्या घटते, त्यामुळे हा शब्द आता घरोघरी परिचित झाला आहे.

रक्तवाहिनीला इजा झाली की बिंबाणू त्या जागी चिकटतात, परस्परांना धरून ठेवतात आणि रक्तस्राव थांबविण्यास आरंभ करतात. त्याच वेळी रक्तद्रवातील फायब्रिनोजेन या प्रथिनाचे थ्रॉम्बिनच्या क्रियेने फायब्रिनच्या धाग्यांत रूपांतर होते. या धाग्यांच्या जाळ्यात रक्तपेशी अडकून गुठळी तयार होते. बिंबाणूंचे कार्य एवढ्यावर संपत नाही. त्यांच्यातील सूक्ष्म कणिकांत अनेक वृद्धिघटक साठविलेले असतात. बिंबाणुजन्य वृद्धिघटक, रूपांतरकारी वृद्धिघटक बीटा आणि नव्या रक्तवाहिन्यांच्या वाढीस चालना देणारा घटक हे त्यांपैकी प्रमुख होत. जखमेत बाहेर पडल्यावर हे घटक आसपासच्या पेशींना त्या जागी येण्याचे, विभाजन पावण्याचे आणि नवे ऊतक घडविण्याचे संकेत देतात. फायब्रिनचे जाळे हे या पेशींना वर चढण्यासाठी मांडवासारखे उपयोगी पडते.

दात काढल्यावर खोबणीत रक्ताची गुठळी आपोआप धरते. पुढील काही आठवड्यांत हिरडीची त्वचा वरून जुळून येते आणि काही महिन्यांत आत हाड भरते. बिंबाणुसमृद्ध फायब्रिन ही याच नैसर्गिक गुठळीची अधिक एकवटलेली आवृत्ती आहे. नेहमीच्या गुठळीत तांबड्या पेशींचा भरणा मोठा असतो. केंद्रोत्सारणाने त्या वेगळ्या केल्या की उरलेल्या गुठळीत बिंबाणू व पांढऱ्या पेशी यांचे प्रमाण पुष्कळ वाढते.

इतिहास

इटलीतील तूरिन येथील जूलिओ बित्सोत्सेरो यांनी १८८२ मध्ये बिंबाणू हा रक्ताचा स्वतंत्र घटक असल्याचे आणि रक्तस्राव थांबविण्यात त्याचा वाटा असल्याचे दाखविले. मात्र बिंबाणूंचा संबंध पेशींच्या वाढीशी आहे, हे समजण्यास जवळजवळ शंभर वर्षे जावी लागली. १९७४ मध्ये अमेरिकेतील सिॲटल येथील रसेल रॉस व त्यांच्या सहकाऱ्यांनी बिंबाणूंतून बाहेर पडणाऱ्या एका घटकामुळे रक्तवाहिन्यांच्या भिंतीतील स्नायुपेशींची वाढ होते, असे प्रयोगशाळेत दाखविले. तो घटक म्हणजेच बिंबाणुजन्य वृद्धिघटक होय.

शस्त्रक्रियेत रक्तातील फायब्रिनचा गोंदासारखा उपयोग करण्याचे प्रयत्नही त्याच दशकात झाले. १९७० मध्ये व्हिएन्ना येथील हेलेने मात्रास यांनी फायब्रिनच्या गोंदाचे प्रयोग प्रसिद्ध केले. हा गोंद पुढे अनेक रक्तदात्यांच्या एकत्रित रक्तद्रवापासून तयार होऊ लागला. त्यामुळे संसर्गाची शंका राहिली आणि रुग्णाच्या स्वतःच्या रक्ताकडे लक्ष वळले.

१९९७ मध्ये अमेरिकेतील व्हिटमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुख व जबड्याच्या शस्त्रक्रियेत रुग्णाच्या बिंबाणूंपासून केलेल्या जेलीचा वापर वर्णिला. पुढल्याच वर्षी, १९९८ मध्ये, मायामी विद्यापीठातील रॉबर्ट मार्क्स यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. खालच्या जबड्याचा ५ सेंटिमीटर किंवा त्याहून मोठा भाग नष्ट झालेल्या ८८ रुग्णांवर त्यांनी अस्थिकलम केले होते. ज्या कलमांत बिंबाणुसमृद्ध रक्तद्रव मिसळला होता, त्यांत सहा महिन्यांनंतर हाडाची घनता अधिक आढळली. या निबंधामुळे दंतवैद्यकात बिंबाणूंच्या वापराला मोठी चालना मिळाली. १९९९ मध्ये स्पेनमधील एदुआर्दो आनितुआ यांनी वृद्धिघटकांनी समृद्ध रक्तद्रवाची स्वतःची पद्धत मांडली.

या सुरुवातीच्या पद्धती किचकट होत्या. रक्त गोठू नये म्हणून त्यात सायट्रेटसारखे द्रव्य मिसळावे लागे. मार्क्स यांच्यासारख्या पद्धतीत रक्त दोनदा फिरवून शेवटी कॅल्शियम क्लोराइड व थ्रॉम्बिन घालून ते मुद्दाम गोठवावे लागे. हे थ्रॉम्बिन बहुधा गाईबैलांच्या रक्तापासून मिळविलेले असे. त्याच्याविरुद्ध रुग्णाच्या शरीरात प्रतिपिंडे निर्माण होऊन क्वचित रक्तस्रावाचा विकार उद्भवू शकतो, हे इतर शस्त्रक्रियांतील अनुभवावरून माहीत होते.

फ्रान्समधील नीस येथील जोसेफ शुक्रून यांनी २००१ मध्ये या अडचणींवर सोपा तोडगा मांडला. फ्रान्समध्ये रक्तावरील प्रक्रियांविषयीचे कायदे कडक होते. त्यामुळे त्यांनी रक्तात काहीच मिसळायचे नाही, असे ठरविले. साध्या नळीत रक्त घेऊन ते ताबडतोब एकदाच फिरविले असता नळीच्या मधल्या भागात फायब्रिनची घट्ट गुठळी आपोआप तयार होते, असे त्यांना आढळले. हेच बिंबाणुसमृद्ध फायब्रिन होय. २००६ मध्ये डाव्हिड दोहाँ व शुक्रून यांच्या गटाने या पदार्थाची रचना व उपयोग यांवर लेखमाला प्रसिद्ध केली. २००९ मध्ये दोहाँ एरेनफेस्ट व सहकाऱ्यांनी पांढऱ्या पेशींचे अस्तित्व आणि फायब्रिनच्या जाळ्याची दाटी या दोन निकषांवर बिंबाणूंच्या सर्व पदार्थांचे चार गटांत वर्गीकरण केले.

तयार करण्याची पद्धत

शस्त्रक्रियेच्या वेळीच रुग्णाच्या हाताच्या शिरेतून रक्त घेतात. एका नळीत साधारण ९ ते १० मिलिलिटर रक्त मावते. बहुतेक शस्त्रक्रियांना दोन ते आठ नळ्या पुरतात. म्हणजे एकूण रक्त २० ते ८० मिलिलिटर लागते. रक्तदानाच्या वेळी घेतल्या जाणाऱ्या ३५० मिलिलिटरच्या तुलनेत हे प्रमाण अल्प आहे.

नळीत रक्त गोठू न देणारे कोणतेही द्रव्य नसल्याने रक्त नळीच्या भिंतीला लागताच गोठण्यास आरंभ होतो. म्हणून नळ्या विलंब न लावता, शक्यतो एक ते दोन मिनिटांच्या आत, केंद्रोत्सारी यंत्रात ठेवाव्या लागतात. यंत्रात समोरासमोरच्या नळ्यांचे वजन सारखे ठेवणे आवश्यक असते. विलंब झाल्यास फायब्रिन नळीभर विखुरले जाते आणि घट्ट गुठळीऐवजी ठिसूळ गोळा हाती येतो. या पद्धतीचे यश यंत्रापेक्षाही रक्त घेणाऱ्या व्यक्तीच्या हातोटीवर अवलंबून असते, असे म्हणता येईल.

शुक्रून यांच्या मूळ पद्धतीत नळ्या मिनिटाला सुमारे ३,००० फेऱ्यांच्या वेगाने १० मिनिटे फिरवितात. पुढे प्रचारात आलेल्या पद्धतीत २,७०० फेऱ्या व १२ मिनिटे हे प्रमाण आहे. यंत्र थांबल्यावर नळीत तीन थर दिसतात. तळाशी तांबड्या पेशी, मध्ये पिवळसर पांढरी फायब्रिनची गुठळी आणि वर जवळजवळ पेशीविरहित रक्तद्रव असतो. चिमट्याने मधली गुठळी उचलून तिला लागलेला तांबडा भाग अलग करतात. मात्र गुठळी आणि तांबडा थर यांच्या सीमेवरच बिंबाणू सर्वाधिक असल्याने हा सांधा समूळ खरवडून काढीत नाहीत.

ही गुठळी तशीच खोबणीत भरता येते किंवा छिद्रे असलेल्या डबीत हलक्या वजनाखाली दाबून तिचे सुमारे एक मिलिमीटर जाडीचे पटल करता येते. पटलाला टाकेही घालता येतात. बारीक तुकडे करून ते अस्थिकलमाच्या कणांत मिसळण्याचीही रीत आहे. दाबताना निघालेला द्रव कलम भिजविण्यासाठी वापरतात.

बिंबाणुसमृद्ध रक्तद्रवातील बिंबाणू थ्रॉम्बिनने एकाएकी उद्दीपित होत असल्याने त्यांतील वृद्धिघटक बव्हंशी पहिल्या काही तासांतच बाहेर पडतात. फायब्रिनच्या जाळ्यात अडकलेल्या बिंबाणूंतून मात्र ते सावकाश, आठवडाभर वा त्याहून अधिक काळ, पाझरत राहतात, असे प्रयोगशाळेतील मोजमापांत आढळले आहे.

प्रकार

यंत्राचा वेग कमी केल्यास अधिक पांढऱ्या पेशी व बिंबाणू गुठळीत राहतात, या विचारातून २०१४ मध्ये फ्रांकफुर्ट येथील शहराम गनाती व शुक्रून यांनी १,५०० फेऱ्या व १४ मिनिटे अशी सुधारित पद्धत मांडली. तिला ‘ॲडव्हान्स्ड पीआरएफ’ म्हणतात. पुढे वेग व वेळ दोन्ही आणखी कमी करण्यात आले. फारच मंद गतीने, सुमारे ७०० फेऱ्या व ३ मिनिटे, प्लॅस्टिकच्या नळीत रक्त फिरविल्यास वरचा थर काही मिनिटे द्रवरूप राहतो. तो सुईने टोचता येतो किंवा अस्थिकलमाच्या कणांवर ओतून त्यांचा चिकट गोळा बनविता येतो. तुर्कस्तानातील संशोधकांनी टायटॅनियमच्या नळ्या वापरूनही असा पदार्थ तयार केला आहे.

यंत्राचा वेग केवळ फेऱ्यांत सांगणे अपुरे आहे. रक्तावर पडणारे बल फेऱ्यांच्या वर्गाच्या आणि नळीच्या आसापासूनच्या अंतराच्या प्रमाणात असते. मिनिटाला २,७०० फेऱ्या असताना आसापासून ८ सेंटिमीटर अंतरावर हे बल गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ६५० पट, तर ११ सेंटिमीटर अंतरावर सुमारे ९०० पट होते. म्हणजे दोन दवाखान्यांत एकच आकडा लावूनही निरनिराळ्या गुणांचा पदार्थ तयार होऊ शकतो. अनेक जुन्या शोधनिबंधांत यंत्राची त्रिज्या नोंदविलेली नसल्याने त्यांच्या निष्कर्षांची परस्परांशी तुलना करणे कठीण जाते.

दंतवैद्यकातील उपयोग

दात काढल्यानंतरची खोबण : दात काढल्यावर जबड्याचे हाड आकसते. दाढा व उपदाढा काढल्यानंतर पहिल्या वर्षात हाडाची रुंदी सुमारे निम्म्याने घटते आणि त्यातील बराचसा ऱ्हास पहिल्या तीन महिन्यांतच होतो. पुढे त्या जागी कृत्रिम दात रोपायचा असल्यास ही झीज अडचणीची ठरते. ती मर्यादित राहावी म्हणून खोबणीत फायब्रिनच्या गुठळ्या भरून वर टाके घालतात.

अक्कलदाढ : खालची अक्कलदाढ शस्त्रक्रियेने काढल्यावर काही रुग्णांच्या खोबणीतील गुठळी विरघळते किंवा निघून जाते आणि हाड उघडे पडते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास सुरू होणारी तीव्र, कानापर्यंत जाणारी कळ हे या विकाराचे लक्षण होय. दंतवैद्य त्याला ‘ड्राय सॉकेट’ म्हणतात. धूम्रपान करणाऱ्यांत तो अधिक आढळतो. तो टाळण्यासाठी फायब्रिनची गुठळी वापरली जाते.

हिरडीचे विकार : परिदंतशोथात, म्हणजे ज्याला लोक पायोरिया म्हणतात त्या रोगात, दाताभोवतीचे हाड खोलगट झिजते. हिरडी उघडून मुळे स्वच्छ केल्यावर त्या खळग्यांत फायब्रिन भरतात. हिरडी खाली सरकून दाताचे मूळ उघडे पडले असल्यास ते झाकण्याच्या शस्त्रक्रियेतही हिरडीखाली फायब्रिनचे पटल घालतात.

दंतरोपण आणि वरच्या जबड्याची पोकळी : वरच्या दाढांच्या जागी हाड कमी असल्यास गालामागच्या हाडातील वायुपोकळीचे अस्तर वर उचलून तेथे हाड वाढवावे लागते. २००९ मध्ये झिव्ह माझोर व सहकाऱ्यांनी २० रुग्णांच्या २५ पोकळ्यांत केवळ फायब्रिन भरून त्याच वेळी ४१ रोपणे बसविल्याचे आणि सहा महिन्यांनंतर त्यांच्याभोवती हाड तयार झाल्याचे नोंदविले. या पद्धतीत रोपणांची टोकेच अस्तराला तंबूच्या खांबांप्रमाणे आधार देतात. या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, हे लक्षात घेणे आवश्यक आहे. शस्त्रक्रियेत अस्तर फाटल्यास ते बंद करण्यासाठीही पटलाचा उपयोग करतात.

जबड्याचे हाड मृत होणे : कर्करोग किंवा अस्थिविरलता यांवर दिल्या जाणाऱ्या झोलेड्रॉनेट, डेनोसुमॅब यांसारख्या औषधांमुळे काही रुग्णांत दात काढल्यानंतर जखम भरतच नाही आणि जबड्याचे हाड मृत होऊन उघडे पडते. या गुंतागुंतीकडे २००३ मध्ये प्रथम लक्ष वेधणाऱ्यांत वर उल्लेखिलेले रॉबर्ट मार्क्सच होते. अशा रुग्णांत मृत हाड काढून टाकल्यावर जखमेवर फायब्रिनची पटले पसरतात.

रक्त पातळ करणारी औषधे घेणारे रुग्ण : हृदयात कृत्रिम झडप बसविलेल्या रुग्णाने रक्त पातळ ठेवणारे औषध बंद केल्यास झडपेवर गुठळी धरण्याचा आणि पक्षाघाताचा धोका असतो. औषध चालू ठेवून दात काढल्यास रक्तस्रावाची भीती असते. इटलीतील शस्त्रवैद्यांनी २०११ मध्ये औषध न थांबविता दात काढून खोबणीत फायब्रिनच्या गुठळ्या भरल्याचा अनुभव प्रसिद्ध केला. मात्र असा निर्णय हृदयरोगतज्ज्ञाच्या सल्ल्याने आणि रक्त गोठण्याची चाचणी पाहूनच घेतला जातो.

परिणामकारकतेचा पुरावा

वैद्यकीय पुराव्याची छाननी करणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१८ मध्ये हिरडीरोगातील अस्थिखळग्यांवरील ३८ यादृच्छिक चाचण्यांचा आढावा प्रसिद्ध केला. केवळ हिरडी उघडून स्वच्छता करणे किंवा तिच्या जोडीला अस्थिकलम करणे, यांत बिंबाणूंच्या पदार्थाची भर घातल्यास खळगे अधिक भरतात, असे त्यात दिसले. परंतु मार्गदर्शक पटल किंवा दंतवल्काच्या प्रथिनांपासून केलेले औषध यांच्या जोडीला बिंबाणू वापरले असता विशेष लाभ आढळला नाही. या सर्व पुराव्याची खात्रीलायकता आढावाकारांनी अत्यंत कमी ठरविली. चाचण्या लहान होत्या आणि अनेकींच्या मांडणीत दोष होते. २०२० मध्ये कॉक्रेननेच अक्कलदाढेच्या शस्त्रक्रियेचा आढावा घेतला. खोबणीत बिंबाणूंचे पदार्थ ठेवल्याने ‘ड्राय सॉकेट’चे प्रमाण कमी होऊ शकते, असे त्यात नमूद असले, तरी तेथेही पुरावा कमी खात्रीचा मानला गेला.

एकंदरीत पाहता, मऊ ऊतके लवकर जुळून येणे आणि शस्त्रक्रियेनंतरची वेदना व सूज काहीशी कमी होणे, या बाबतीत अनुकूल निष्कर्ष अधिक आहेत. नवे हाड तयार होण्याच्या बाबतीत ते संमिश्र आहेत. उघडे पडलेले मूळ झाकण्याच्या शस्त्रक्रियेत टाळूतून घेतलेल्या ऊतकाचे कलम हेच आजही अधिक भरवशाचे मानले जाते. फायब्रिनचा लाभ असा की, टाळूवर दुसरी जखम करावी लागत नाही.

फायब्रिनचे पटल दहा-पंधरा दिवसांत विरघळते. हाड तयार होण्यास मात्र महिने लागतात. त्यामुळे मोठ्या पोकळीत ते एकटे पुरेसा आधार देऊ शकत नाही. तेथे अस्थिकलमाची जोड घ्यावी लागते.

मर्यादा आणि दक्षता

बिंबाणूंची संख्या फार कमी असणे, बिंबाणूंच्या कार्यातील दोष, रक्ताचा कर्करोग आणि रक्त गोठण्याचे आनुवंशिक विकार असलेल्या रुग्णांत ही पद्धत टाळतात किंवा तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच वापरतात. हीमोफिलियाच्या रुग्णाचे रक्त मुळातच नीट गोठत नसल्याने त्याच्यापासून चांगली गुठळी मिळत नाही. त्यामुळे कमी असलेला रक्तघटक देण्याला ही पद्धत पर्याय होऊ शकत नाही. धूम्रपान, अनियंत्रित मधुमेह आणि तोंडाची अस्वच्छता यांमुळे जखम भरण्यास जो अडथळा येतो, तोही फायब्रिनने दूर होत नाही.

नळ्यांची निवड महत्त्वाची असते. साध्या काचेच्या नळीत रक्त आपोआप गोठते. प्लॅस्टिकच्या नळीत ते गोठावे म्हणून आत सिलिकाचा लेप दिलेला असतो. हे सूक्ष्म कण गुठळीत उतरतात, असे जपानी संशोधकांनी दाखविले आहे. प्रयोगशाळेतील रक्ततपासणीसाठी बनविलेल्या नळ्या शरीरात परत घालावयाच्या पदार्थासाठी वापरणे म्हणूनच योग्य मानले जात नाही.

रक्त रुग्णाचे स्वतःचे असले, तरी ते हाताळणाऱ्यांना सुई टोचून कावीळ ब, एचआयव्ही यांसारख्या संसर्गांचा धोका असतोच. एकाच दिवशी अनेक रुग्ण असल्यास प्रत्येक नळीवर नाव लिहिणे अनिवार्य ठरते. एकाचे फायब्रिन दुसऱ्याला वापरले गेल्यास या पद्धतीचा मूळ आधारच नाहीसा होतो.

भारतातील वापर

या पद्धतीला महागडी औषधे किंवा आयात केलेली पटले लागत नाहीत. त्यामुळे भारतातील दंत महाविद्यालयांत तिच्यावर मोठ्या प्रमाणावर संशोधन झाले. बंगळूरु येथील शासकीय दंत महाविद्यालयातील अनुज शर्मा व ए. आर. प्रदीप यांनी २०११ मध्ये हिरडीरोगातील अस्थिखळग्यांवर केलेल्या यादृच्छिक चाचण्या जगभर उद्धृत केल्या जातात. सुपारी व गुटखा यांच्या सेवनाने तोंड उघडेनासे होण्याचा विकार भारतात विशेष आढळतो. त्यात गालातील ताठर पट्टे कापल्यावर उघड्या जखमेवर फायब्रिनचे पटल लावण्याचे प्रयोगही येथे झाले आहेत.

रुग्णाच्या दृष्टीने या उपचाराचा अर्थ मर्यादित परंतु स्पष्ट आहे. बिंबाणुसमृद्ध फायब्रिन हे शस्त्रक्रियेला पूरक साधन आहे, तिला पर्याय नव्हे. ते न वापरताही बहुतेक निरोगी व्यक्तींच्या दात काढल्यानंतरच्या जखमा नैसर्गिकरीत्या भरून येतात. ज्यांच्या जखमा सहजी भरत नाहीत, अशा निवडक रुग्णांत त्याचा कितपत उपयोग होतो, हे ठरविण्यासाठी मोठ्या व एकसारख्या पद्धतीने केलेल्या चाचण्यांची आवश्यकता आहे.